पेपर वाचणाऱ्याची तिवई

"आज पण ते पान उलटून टाकलंन बघ," नारायणी पारूच्या कानाशी पुटपुटली. "बोट ओलं केलं, पान उलटलं आणि थेट सिनेमाच्या जाहिरातीवर."

"तुला कशावरून कळलं? मला तर कात्र्यांशिवाय काही ऐकू येत नाही," पारू म्हणाली.

"पानाचा आवाज दोनदा आला. वाचलं एकदाच."

"हळू गं बाई. तो बघतोय."

तो बघत नव्हता. हे मी खात्रीने सांगते, कारण तो माझ्यावरच बसला होता आणि ती कुजबुज ऐकून त्याची टाच जमिनीवर नाचायला लागली होती.

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. फणसाच्या लाकडाची, तीन पायांची. केरळात, कण्णूरच्या बाजूला, नदीकाठच्या एका विडी कारखान्यात माझे तारुण्य गेले. कारखाना म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे धुराडे उभे राहील. तसले काही नव्हते. लांबलचक कौलारू शेड, शेणाने सारवलेली जमीन आणि मांडीवर सूप घेऊन ओळीने बसलेली माणसे. सुपात तंबाखू, कापलेली पाने, दोऱ्याचे रीळ. विडी वाईट, हे मलाही कळते. तुम्ही तिच्या वाटेला जाऊ नका. पण ती वळणारी माणसे वाईट नव्हती आणि ही गोष्ट त्यांची आहे.

कुंजंबू सुताराच्या परसातला फणस वाऱ्याने आडवा झाला. लांब फळ्यांचा त्याने चहाच्या दुकानासाठी बाक केला. तो माझा सख्खा भाऊ. आमची पुन्हा भेट झाली नाही. उरलेल्या तुकड्यांतून मी झाले. मला शेडमध्ये आणून ठेवले तेव्हा मम्मूने पहिला शेरा मारला. मम्मू म्हणजे शेडमधला सगळ्यात चावट माणूस. विडी वळता वळता तो कोणाची ना कोणाची फिरकी घेत असे.

"काय कुंजंबू, चौथा पाय घरी विसरलास होय?"

"जमीन बघ ना कशी आहे ती," कुंजंबू म्हणाला. "चार पाय लावले तर एक कायम हवेत राहणार. तीन पाय कुठंही टेकतात. वर बसणारा डुगडुगला तर तो त्याचा दोष."

हे शेवटचे वाक्य मी फार अभिमानाने जपले. पुढे त्याचाच मला ताप झाला.

आता विडीच्या शेडमध्ये तिवई कशाला, ते सांगते. विडी वळणाऱ्याचे हात गुंतलेले, डोळे हातांवर. गप्पा मारायच्या तर तंबाखूची धूळ घशात जाते. मोकळे राहतात ते फक्त कान. म्हणून या लोकांनी आपल्यातलाच एक जण पेपर वाचायला बसवला. तो मोठ्याने वाचणार, बाकीचे ऐकणार, आणि त्याच्या वाटच्या विड्या सगळे मिळून वळणार. दुपार झाली की जो तो आपल्या सुपातली मूठभर विडी त्याच्या सुपात टाकी. कोणी उपकार केल्यासारखे करत नसे.

पेपर दोन यायचे. एक 'आपला', म्हणजे शेडवर ज्या पक्षाचा झेंडा होता त्यांचा. दुसरा 'त्यांचा', म्हणजे नदीपलीकडच्या गावाचा जीव ज्यांच्यावर होता त्यांचा. जुन्या लोकांनी नेम घालून दिला होता: दोन्ही वाचायचे. समोरचा काय म्हणतो तेच ऐकले नाही, तर त्याच्याशी भांडणार तरी कसे? आणि दुसरा नेम असा की वाचताना मध्ये बोलायचे नाही. वाचून झाले की मग विचारा, भांडा, काय ते करा.

माझ्यावर बसायचा तो पवित्रन. सगळे त्याला पवित्रेट्टा म्हणत, म्हणजे पवित्रदादा; तसाच मम्मूचा मम्मूक्का होई. त्याच्या आवाजाबद्दल काय सांगू! कुठल्याशा लांबच्या मुलखात पूर आल्याचे तो वाची आणि इकडे पारू कोपराने डोळे पुशी, कारण बोटांना तंबाखू लागलेला असे. बाजूच्या शेडमधली माणसे दाराशी येऊन उभी राहत. "ही तिवई म्हणजे आपलं आकाशवाणी केंद्र," मम्मू म्हणे. लाकूड पावसाळ्यात फुगते. मी उन्हाळ्यातही फुगून असे.

आता पुढचे सांगायचे तर माझे सांधे करकरतात. पण सांगते.

पवित्रन खोटे कधी वाचत नसे. हे मी ठासून सांगते. त्याने वाचलेले प्रत्येक अक्षर छापलेलेच असे. पण शेडमध्ये कात्र्या होत्या. पान कापणाऱ्या त्या कात्र्यांचा आवाज बातमीप्रमाणे बदलायचा. बातमी मनासारखी असली की कचकच कचकच, सरींसारख्या धावत. नकोशी असली की मंद होत, एखादी थांबतही असे. वाचणाऱ्याला तोंडे दिसत नाहीत, सगळ्यांच्या माना खाली. त्याला कळे ते कात्र्यांवरून. आणि मित्रांनो, ज्यांनी वळलेली विडी आपल्या सुपात पडते, त्यांच्या कात्र्या थांबलेल्या कोणाला आवडतील?

कोणी त्याला काही सांगितले नाही. त्यानेही ठरवून काही केले नसावे. आधी 'आपला' पेपर पहिला वाचला जाऊ लागला, लोक ताजेतवाने असताना; 'त्यांचा' मागाहून, जेवणानंतर, डोळे पेंगत असताना. मग एके दिवशी गंमत म्हणून त्याने त्यांचा पेपर नाकात वाचला. शेड हसून हसून लोळली. दुसऱ्या दिवसापासून मम्मू ओरडू लागला, "आता तो नाकातला पेपर येऊ द्या!" त्याचे नावच नाकातला पेपर पडले. नाकातून वाचलेली बातमी कितीही खरी असली तरी हसूच येणार ना?

मग गाळणे सुरू झाले. आपल्यातला कोणी जखमी झाला तर त्याचे नाव, बापाचे नाव, घर कुठे, घरी कोण कोण, सगळे सावकाश. त्यांच्यातले झाले तर 'इतर काही जण'. तो नीट वाचत असला की त्याची दोन्ही पावले जमिनीवर घट्ट असत. काही गिळले की उजवी टाच नाचू लागे, आणि ती थरथर माझ्या तिन्ही पायांतून जमिनीत जाई. लोकांना वाटे, तिवई डुगडुगते. पारूने एकदा माझ्या पायाखाली करवंटीचा तुकडा सारला. मला इतके लागले! ओरडून सांगावेसे वाटले, अगं, मी नाही, तो!

पण तिवईला कोण विचारते.

त्या वर्षी नदीच्या पुळणीवर व्हॉलीबॉलचा सामना झाला. अलीकडचे गाव विरुद्ध पलीकडचे. चेंडू रेघेवर पडला. आत की बाहेर यावरून भांडण पेटले, दगड आले आणि अलीकडचा राजीवन कपाळ फुटून वाळूत पडला. राजीवन हा शेडमधल्या अच्युतनचा मुलगा. अच्युतन पवित्रनचा जिवाभावाचा दोस्त, माझ्या अगदी समोर बसायचा.

दुसऱ्या दिवशी पवित्रन आपला पेपर उघडून बसला. राजीवनवर प्राणघातक हल्ला, अशी मोठी बातमी होती. अच्युतनचे नाव, घराचे नाव, राजीवनचा फोटो. आणि हल्ला करणारा कोण? 'पलीकडचा सुरेशन नावाचा गुंड, हातात लोखंडी खांब.' शेवटी एक ओळ: त्यानंतर दगड फेकले गेले. कोणी फेकले? ते काही लिहिले नव्हते. त्या पेपरात दगडांना हात नव्हते.

कात्र्या धावत सुटल्या. एक तेवढी थांबली.

ती नारायणीची. सुरेशन तिच्या बहिणीचा मुलगा. बहीण विधवा, पलीकडे राहते. नारायणी लग्न होऊन अलीकडे आली. पोराला दोघींनी मिळून वाढवले. फौजेच्या भरतीत तो धावण्यात पहिला आला होता. आता फक्त पोलिसांकडून चांगल्या वागणुकीचा दाखला जायचा बाकी होता. त्यावर एकदा मारामारीचा गुन्हा चढला की फौज संपली. संध्याकाळी पोलिसांनी त्याला चौकीवर नेऊन बसवले. सोडले, पण साहेब म्हणाले, शनिवारी चौकशीला येतो, कोणी पाहिले असेल तर सांगा.

पाहिले होते की! अर्धी शेड सामन्याला गेली होती. पण त्या दिवसापासून शेडमध्ये एक विचित्र गोष्ट सुरू झाली. सामन्याबद्दल बोलणे निघाले की माणसे पवित्रनकडे बघत आणि लगेच मान खाली घालत. पवित्रनचा मुलगा प्रेमन रोज दुपारी बापासाठी पेजेचे भांडे घेऊन यायचा. अंगणातूनच मम्मूशी थट्टा करायचा. तो यायचा बंद झाला. भांडे शेजारणीकडून येऊ लागले. प्रेमन कुठे आहे, हे कोणी विचारले नाही. मम्मूनेही नाही, आणि मम्मू कोणाला काय विचारील याचा नेम नसतो.

आणि पवित्रनची टाच! सकाळी बसला की सुरू. हवामान वाचतानाही.

नारायणीने दोन-तीन दिवस वाट पाहिली. त्यांच्या पेपरातही त्या सामन्याचे रोज येते आहे, हे तिला बहिणीकडून कळले होते. आणि पवित्रन नेमके ते पान उलटून टाकत होता. ती पुटपुट तुम्ही सुरुवातीला ऐकलीत ना, ती त्या दिवसांतलीच. त्याच दिवशी वाचन संपल्यावर ती उघड बोलली.

"पवित्रेट्टा, त्यांच्या पेपरात सामन्याचं आलंय. ते वाच."

"त्यात काय वाचायचं? त्यांचं नेहमीचं रडगाणं."

"रडगाणं तर रडगाणं. दोन्ही वाचायचे असा नेम आहे ना?"

मम्मू नाकातून बोलायला गेला, "ऐका हो ऐका, पलीकडची खबर..." आणि कोणीच हसले नाही तसा पुन्हा विडी वळू लागला.

"नाकानं वाच, कानानं वाच," नारायणी म्हणाली, "पण वाच. शनिवारी चौकशी आहे. पोराच्या दाखल्यावर गुन्हा चढला, तर तो इथंच येऊन बसेल मांडीवर सूप घेऊन."

"सूप काय वाईट आहे गं?" मम्मू म्हणाला.

"तुझ्या सुपाला कोण नावं ठेवतंय, मम्मूक्का? त्या पोराला धावता येतं, एवढंच म्हणणं आहे माझं. बसून कसं धावणार?"

अच्युतन छातीवरचा खिसा चाचपत होता. पेपरातला राजीवनचा फोटो त्याने कापून त्या खिशात ठेवला होता. "उद्या वाचेल तो," तो पवित्रनच्या वतीने म्हणाला. "आता पेज गार होतेय."

मित्रांनो, तो 'उद्या' सांगण्याआधी जरा थांबते. मी मुद्दाम लांबण लावते आहे असे वाटेल, वाटू द्या.

ती शेड आता नाही. विड्या खपेनाशा झाल्या, माणसे पांगली, कौले कोणी कोणी नेली. मला वाचनालयाच्या ओट्यावर आणून ठेवले आणि डोक्यावर पाण्याचे मडके दिले. रात्रंदिवस ओल. एक पाय किडला आहे, बसायला मला आता कोणी घेत नाही. त्याचे फारसे दुःख नाही. मडके निदान टाच नाचवत नाही. मी बघते, लोक ओट्यावर येतात, पाणी पितात आणि हातातल्या फोनवर बातम्या ऐकतात. प्रत्येकाचा वाचणारा आता त्याच्या मुठीत आहे. पण त्यालाही कात्र्या ऐकू येतात बरे का! तुमचे बोट कुठे थांबले, कशावर सरकले, हे तो टिपून ठेवतो आणि उद्या तेच पुन्हा वाढतो. माझ्या पवित्रनला निदान लाज वाटायची. याची टाच मी अजून नाचलेली पाहिली नाही.

मला पुसा, रंगवा, सावलीत ठेवा, असे माझ्या जातीच्या वस्तू शेवटी मागतात. ठेवलेत तर आनंद आहे. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. बातमी ऐकाल तेव्हा जरा कान द्या. कोणाची नावे घेतली आणि कोणाचे नुसते 'काही जण' झाले? कोणते आधी सांगितले, कोणते पेंग आल्यावर? दगड कोणी मारला हे लिहिले आहे, की तो आपसूक उडाला? आणि जी बातमी ऐकून फार बरे वाटते, तिला तर दोनदा विचारा. बस. आता तो दिवस.

दुसऱ्या दिवशी पवित्रन आला तो डोळे लाल घेऊन. आपला पेपर त्याने उघडलाच नाही, मांडीखाली सारला. त्यांचा उघडला. आणि नाकातून नाही, पुराची बातमी वाचायचा त्या आवाजात वाचू लागला.

त्यात लिहिले होते, की सुरेशन हा गुणी, शांत तरुण, देशसेवेला निघालेला, विधवा आईचा एकुलता आधार. त्याच्यावर अलीकडच्या शंभर गुंडांनी शस्त्रांनिशी चाल केली. त्याने एकट्याने सगळ्यांना रोखून धरले. 'एका जणाला' किरकोळ खरचटले असून त्याने इस्पितळात दाखल होण्याचे नाटक केले आहे.

"खरचटलं?" अच्युतन सूप बाजूला टाकून उठला. पाने जमिनीवर सांडली. "माझ्या पोराच्या कपाळाला टाके आहेत टाके! एक जण? त्याला नाव नाही?"

"वाचताना मध्ये बोलायचं नाही," कोणीतरी म्हणाले.

"वाचून झालं," पवित्रन म्हणाला आणि पेपर मिटला.

सगळे नारायणीकडे बघू लागले. आता ती म्हणणार, ऐकलंत ना? तिच्या बाजूचे इतके गोड गोड छापून आले होते. तिने हातातली विडी पूर्ण वळली, दोरा बांधला, मगच तोंड उघडले.

"हे पण खरं नाही," ती म्हणाली.

"काय?" पारूच्या तोंडून निघून गेले.

"शंभर माणसं? अलीकडच्या गावात शंभर पोरं आहेत तरी का? आणि आमचा सुरेशन शंभरांना रोखतोय! विहिरीवर घागर उचलताना कंबर धरतो तो. नुसते पाय चांगले आहेत त्याचे." ती अच्युतनकडे वळली. "आणि अच्युतेट्टा, राजीवनला लागलं ते खरंच लागलं. मी इस्पितळात जाऊन बघून आलेय. मी भाताची पेज दिली त्याला, तर मीठ कमी आहे म्हणाला."

अच्युतन खाली बसला. सांडलेली पाने गोळा करू लागला. त्याला हे माहीत नव्हते, असे दिसले.

"सुरेशन मला म्हणाला, मावशी, भांडण पेटलं तेव्हा मी जाळं वाचवायला खांब उपटत होतो. जाळं आमच्या गावाचं होतं, फाटलं असतं. तो खांब माझ्या हातात होता, हे खरं. मारला नाही. आता हे तो म्हणतो. मी तिथं नव्हते. माझाच पोरगा, मी त्याच्यासारखंच बोलणार. म्हणून म्हणते, त्याच्यावर जाऊ नका. दोन पेपर झाले. तुम्ही तिथं होतात. तुम्ही सांगा."

नदीवर होडीवाल्याने हाक मारली ती आतपर्यंत आली.

"मम्मूक्का, तू पुढंच होतास ना?"

"मी? मी शेंगदाणे घेत होतो," मम्मू म्हणाला. "पुडी बांधत होता तो. इकडे पाठ होती माझी."

"पारू?"

"माझ्या डोळ्यात वाळू गेली होती गं, नेमकी तेव्हाच."

"अच्युतेट्टा, तुझाच मुलगा पडला."

अच्युतन खाली बघतच म्हणाला, "माझी चप्पल हरवली होती. वाळूत. मी चप्पल शोधत होतो."

कोणी पतंग बघत होता, कोणी लघवीला गेला होता. त्या दिवशी पुळणीवर इतकी माणसे होती आणि सामना असा कोणी पाहिलाच नव्हता! मला वाईट वाटत होते आणि हसूही येत होते. ही माणसे भित्री नव्हती. मालकापुढे, पोलिसांपुढे छाती काढून उभी राहिलेली मी त्यांना पाहिली होती. आज ती एका माणसाला सांभाळत होती. जो त्यांना रोज जग वाचून दाखवत होता त्याला.

"राहू दे," नारायणी म्हणाली. तिने कात्री उचलली. "शनिवारी मी साहेबांना सांगेन, आमच्या शेडमध्ये सगळे आंधळे आहेत."

ती हे रागाने म्हणाली असती तर बरे झाले असते. ती थकून म्हणाली.

पवित्रन माझ्यावरून उठला. वाचन संपल्यावर तो नेहमी उठून आपल्या जागेवर जाई. तसा गेला नाही. माझ्या शेजारी उभा राहिला, पेपर दोन्ही माझ्यावर ठेवले. अच्युतनने मान वर केली आणि घाईने म्हणाला, "पवित्रा, जाऊ दे. राजीवनला काही माहीत नाही, त्याला काही माहीत व्हायला नको. पोरंच आहेत ती."

"सुरेशन पण पोरच आहे," पवित्रन म्हणाला.

"अरे, पण तू कशाला..."

"मध्ये बोलू नको, अच्युता. मी बातमी सांगतोय." त्याने घसा खाकरला आणि सुरुवात केली, या खेपेला सावकाश, नावे नीट घेत. "नदीपलीकडच्या सुरेशननं कोणाला मारलं नाही. तो खांबाचं जाळं सोडवत होता. पहिला दगड आपल्या बाजूनं आला. तो रेफ्रीला मारला होता, लागला राजीवनला. मारला माझ्या प्रेमननं."